स्क्रोल सॉवरचं लाकूडकाम: देवनागरी नावाची पाटी आणि जाळीचा कंदील, अगदी पहिल्यापासून

स्क्रोल सॉ म्हणजे लाकडात बारीक नक्षी कापायचं मशीन. त्याबद्दल काही शोधायला गेलं की बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतल्या आजोबांचे सापडतात. ते वॉलनट आणि चेरी कापत असतात आणि डिझाइनमध्ये हरणं नाहीतर इंग्लिश अक्षरं असतात. बघायला मस्त वाटतं, शिकायलाही मिळतं, पण आपल्याकडे लाकूड वेगळं, हवा वेगळी आणि अक्षरं तर पूर्णच वेगळी. म्हणून हा लेख मी दोनच वस्तूंभोवती ठेवलाय, दारावरची देवनागरी पाटी आणि चार बाजूंचा जाळीचा कंदील. या दोन नीट जमल्या की मखर, देव्हाऱ्याची जाळी, की-होल्डर, फोटोफ्रेम, पोरांचं लाकडी पझल हे सगळं त्याच हातावर होतं, वेगळं काही शिकावं लागत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. हार्डवेअरच्या दुकानात स्क्रोल सॉ मागितला की दहातले आठ दुकानदार जिगसॉ काढून देतील, हातात धरून चालवायचं ते सुतारांचं मशीन. ते नकोय. स्क्रोल सॉ टेबलावर बसवलेला असतो, त्याचं दोऱ्यासारखं बारीक पातं वर आणि खाली दोन्हीकडे धरलेलं असतं, ते जागेवरच वरखाली होतं आणि आपण लाकूड फिरवतो. पातं दोन्ही टोकांना सोडवता येतं म्हणूनच ते भोकातून ओवून आतल्या आत नक्षी कापता येते. सगळा खेळ त्या एका सोयीवर आहे.

आणि हो, "लेझरवाल्याकडे दहा मिनिटांत होतं की" असं कोणीतरी म्हणणारच. होतं. गणपतीच्या सीझनला एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाची, मखरं सगळी तशीच येतात. पण लेझरने कापलेली कड जळून काळी येते, जाड सागवान कमी ताकदीच्या लेझरवर कापायला गेलं की अजूनच करपतं, आणि मुख्य म्हणजे ते केल्याचं समाधान लेझरवाल्याला मिळतं.

मशीन घ्यायच्या आधी हाताने कापून बघा

ज्यांना खात्री नाहीये की छंद टिकेल का, त्यांनी आधी हाताचा फ्रेट सॉ घ्यावा. यू आकाराची लोखंडी फ्रेम, त्यात १३० मिमी म्हणजे ५ इंची पातं, काही शे रुपयांत काम होतं. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, पुण्यात बोहरी आळीत फिरलात तर मिळेल, नाहीतर ऑनलाइन. सोबत एक फळी लागते, तिला पुढच्या बाजूला व्ही आकाराची खाच पाडायची आणि फळी टेबलाच्या कडेला क्लॅम्पने आवळायची. लाकूड त्या खाचेवर ठेवायचं, पात्याचे दात खालच्या दिशेला म्हणजे मुठीकडे, आणि खाली ओढताना कापायचं. इंग्लंडात १८९५ साली 'हॉबीज' नावाचं साप्ताहिक सुरू झालं त्या काळात लोक घराघरात अशाच करवतीने फ्रेटवर्क, म्हणजे लाकडातली जाळीची नक्षी, करायचे, घरात वीज फारशी नव्हतीच. ४ मिमी प्लायमध्ये साधं मोराचं चित्र हाताने कापून झालं आणि तरीही अजून करावंसं वाटलं, तर मशीन घ्या.

मशीन बघताना चार गोष्टी बघा, बाकीचं सगळं ब्रोशरमधलं सजावटीचं असतं.

पहिली, पातं कुठलं लागतं. स्वस्त मशीनला पिनवालं पातं लागतं, म्हणजे दोन्ही टोकांना आडवी बारीक पिन असते. बदलायला सोपं, पण ती पिन भोकातून जायला ४ ते ५ मिमीचं भोक पाडावं लागतं, मग बारीक जाळी विसरा. बिनपिनचं पातं १ मिमीच्या भोकातूनही जातं. त्यामुळे बिनपिनचं पातं धरणारं मशीन घ्या, निदान त्यासाठी ॲडॉप्टर मिळतो का ते तरी विचारा. दुसरी, स्पीड कमीजास्त करता येतो का. साधारण मिनिटाला ४०० ते १६०० फेऱ्या असा रेंज असतो, एकच स्पीड असलेलं मशीन घेऊ नका. तिसरी, पातं आणि मागचा खांब यातलं अंतर. घरगुती मशीनमध्ये ते १६ इंच म्हणजे ४०० मिमीच्या आसपास असतं आणि तेवढं बऱ्याच कामाला पुरतं. चौथी, थरथर. ही ब्रोशरमध्ये लिहिलेली नसते. वजनदार मशीन कमी थरथरतं, आणि कुठलंही मशीन जड टेबलाला बोल्टने आवळलं की निम्मी थरथर तिथेच जाते. फ्लॅटमध्ये राहत असाल तर टेबलाच्या पायांखाली जाड रबर टाका, नाहीतर खालचे काका दुपारी बेल वाजवतील. पायाने दाबायचा स्विच मिळाला तर जरूर घ्या, दोन्ही हात लाकडावर राहतात. मागचे पाय थोडे उंच करून मशीन आपल्याकडे किंचित झुकवलं तर मान कमी दुखते, तासभर बसल्यावर हे कळतं.

पाती: खरा खर्च आणि खरा फरक इथे आहे

लोक मशीनवर महिनाभर रिसर्च करतात आणि पाती मशीनसोबत आलेली वापरतात, जी बहुतेक वेळा बेकार असतात. उलटं करा. साधं मशीन आणि चांगली पाती यातून जे काम निघतं ते भारी मशीन आणि फालतू पाती यातून निघत नाही. पेगास, ऑल्सन ही नावं चांगली आहेत, डझनाने मिळतात.

नंबर जितका लहान तितकं पातं बारीक. ३ ते ६ मिमी प्लायला १ किंवा ३ नंबर, १२ मिमीला ५ नंबर, १८ मिमी सागवानाला ७. सुरुवातीला ३ आणि ५ नंबरचे एकेक डझन घेऊन ठेवा, पुरतील. रिव्हर्स टूथ लिहिलेलं पातं घ्या, त्यात खालचे थोडे दात उलटे म्हणजे वर तोंड करून असतात, त्यामुळे लाकडाची मागची बाजू फाटत नाही, नाहीतर प्लायच्या मागे सगळे तुरे निघतात आणि ते घासण्यात संध्याकाळ जाते. स्पायरल पातं म्हणून एक प्रकार असतो, पिळलेलं, चारही बाजूंनी कापतं, लाकूड फिरवावं लागत नाही. ऐकायला स्वर्ग, पण कड खरखरीत येते आणि सरळ रेष ठेवणं जाम अवघड जातं. लांब पाटी खांबाला अडते तिथे एखाद्या कोपऱ्यापुरतं वापरा, बाकी नको.

पातं हे संपणारं सामान आहे. सागवानात वीस-पंचवीस मिनिटांत बोथट होतं, कधी त्याच्याही आधी. बोथट झाल्याची खूण म्हणजे तुम्ही नकळत जोर लावायला लागता, लाकूड करपल्याचा वास येतो, पातं रेषेवरून भटकतं. तेव्हा कंजूसपणा न करता बदला. पितळेचा पत्रा कापायचा असेल तर सोनारांची करवतीची पातीसुद्धा १३० मिमीचीच असतात, ती या मशीनला बसतात, फक्त स्पीड एकदम कमी ठेवायचा.

लाकूड

सरावाला पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन, फुकटात मिळतं, फक्त खिळे आधी काढा. जाळीकामाला प्लाय, कारण त्यात थर आडवे-उभे असतात आणि बारीक पट्टी कुठल्याही दिशेने सारखीच मजबूत राहते. पण साधा कमर्शियल प्लाय घेतलात तर आतल्या थरात पोकळ जागा निघतात, कापल्यावर नेमकं नाजूक ठिकाणी भगदाड दिसतं. बर्च प्लाय मिळाला तर उत्तम, कडा स्वच्छ येतात. बाहेर पाऊस लागणाऱ्या जागेसाठी आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय किंवा अस्सल सागवान. एमडीएफ कापायला लोण्यासारखं, पण त्याची धूळ अतिशय बारीक असते, पाणी लागलं की फुगतं आणि पात्यालाही लवकर खातं.

कोरं सागवान विकत घ्यायची गरज शक्यतो पडत नाही. जुन्या खिडक्या-दारं काढणाऱ्यांकडे, किंवा पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला, मुंबईत रे रोडच्या बाजूला वखारींमध्ये कटिंगचे तुकडे मिळतात. तिथल्या माणसाला सांगा की मला १० मिमी जाडीला रंधा मारून द्या, देतात. जुनं सागवान सुकलेलं असतं, नंतर वाकत नाही, हा मोठा फायदा.

धुळीचा विषय इथेच संपवतो. लाकडाची धूळ नुसती त्रासदायक नाहीये, जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था तिला कॅन्सर होऊ शकणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात धरते. सागवानाच्या धुळीने कित्येकांना अंगाला खाज आणि शिंका येतात. एन-९५ मास्क लावा, रुमाल बांधून भागत नाही. डोळ्याला गॉगल, पातं तुटलं तर तुकडा उडतो. सैल बाह्या, ओढणी, मोकळे केस, बांगड्या मशीनजवळ नकोत. बोटाला कापलं तर स्क्रोल सॉ टेबल सॉसारखा बोट नेत नाही, पण खोल जखम नक्की करतो, म्हणून पात्याच्या बरोबर समोर बोट कधीच ठेवू नका, दोन बाजूंना ठेवा.

पातं लावणं आणि मशीन जागेवर आणणं

दात पुढे म्हणजे आपल्याकडे आणि खालच्या दिशेला. कळत नसेल तर बोट हलकेच पात्यावरून वर सरकवा, दात बोटाला अडले म्हणजे ते खाली तोंड करून आहेत. रिव्हर्स टूथचे उलटे दात खालच्या टोकाला आले पाहिजेत. नव्या पात्याला तेलाचा थर असतो, दोन्ही टोकं पॉलिशपेपरने घासून घ्या, नाहीतर क्लॅम्पमधून निसटत राहतं आणि आपण मशीनला शिव्या घालतो.

ताण द्या आणि पातं बोटाने तारेसारखं छेडा. बद्द आवाज आला तर ढिलं आहे, स्वच्छ टणत्कार आला की झालं. बाजूने बोटाने ढकलून बघितलं तर दोन-तीन मिमीच्या वर हलता कामा नये. ढिलं पातं वळणावर पोट काढतं, मग वरून गोल दिसणारं भोक खालून अंडाकृती निघतं. काम संपल्यावर ताण सोडून ठेवायचा.

टेबल पात्याला बरोबर ९० अंशात आहे का हे बघायची एक सोपी युक्ती आहे. १८ मिमीचा एक तुकडा घ्या, समोरून पात्यावर थोडा कापून खाच पाडा, मशीन बंद करा, तोच तुकडा अर्धा फिरवून पात्याच्या मागच्या बाजूने आणा. खाच पात्यात सरळ सरकली तर टेबल बरोबर. तिरकी अडली तर टेबल किंचित फिरवा आणि परत करा. मशीनवरच्या अंशांच्या पट्टीवर विश्वास ठेवू नका, ती अंदाजासाठी असते.

सराव, पण भरपूर

सुरुवातीला १० ते १२ मिमी जाडीचं लाकूड घ्या. नवशिक्यांना वाटतं पातळ सोपं, पण ३ मिमी प्लायमध्ये पातं भसकन पुढे जातं आणि हाताला कळायच्या आत रेष सुटते. जाड लाकूड स्वतःच ब्रेक लावतं.

तुकड्यावर पेन्सिलीने सरळ रेषा, नागमोडी रेषा, चौकोन, गोगलगाय काढा आणि कापा. पहिल्याच सरळ रेषेत लक्षात येईल की लाकूड सरळ ढकललं तरी पातं एका बाजूला ओढतंय. तुमचा हात वाकडा नाहीये. पत्र्यातून पातं तयार होताना दातांच्या एका बाजूला बारीक कंगोरा राहतो, ती बाजू जास्त कापते. उपाय एवढाच की लाकूड तीन-चार अंश तिरकं धरून पुढे न्यायचं, थोड्या वेळात हात आपोआप तसंच धरतो.

काटकोनात वळायला दोन मार्ग आहेत. टाकाऊ बाजूला जागा असेल तर कोपऱ्यातून सरळ बाहेर जाऊन एक गिरकी घेऊन परत यायचं, कोपरा धारदार येतो. जागा नसेल तर कोपऱ्यापर्यंत जायचं, पुढचा दाब पूर्ण काढायचा, आणि पातं चालू असताना लाकूड त्याच जागी पटकन फिरवायचं. इथे दाब पुढे राहिला की कोपरा गोल होतो, नाहीतर पातं तुटतं. तुटलं की ताडकन आवाज येतो, दचकून हात ओढू नका, पाय स्विचवरून काढा आणि वरचा दांडा थांबेपर्यंत थांबा.

रेषेवर किती चिकटून राहायचं? गोलाई सलग ठेवा. रेषेच्या अर्धा मिमी बाहेर गेलेली पण सलग गोलाई कुणालाच कळत नाही, कागद काढला की मूळ रेष कुणी बघितलेली नसते. रेषेवर परत यायला मारलेला झटका मात्र लांबूनही दिसतो.

पाटी

आता आपल्या लिपीचा फायदा बघा. इंग्लिश नाव कापायचं तर प्रत्येक अक्षर सुटं होतं, मग ते जोडायला मागे फळी नाहीतर ओळीखाली पट्टी द्यावी लागते. देवनागरीत शिरोरेषा आधीच सगळं धरून ठेवते, अख्खं आडनाव एकाच तुकड्यात निघतं. पण प्रत्येक आडनाव नाही, आणि डिझाइन करताना डोकं लावायचं ते इथेच.

फॉन्ट जाडा घ्या. गुगल फॉन्ट्सवर 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे बालू आणि मोदक फुकट मिळतात, दोन्ही या कामाला छान. मोदक तर इतका गुबगुबीत आहे की अक्षरांच्या आतल्या पोकळ्या नुसत्या फटी उरतात, त्या एका कटमध्ये होतात. इंकस्केप या ड्रॉइंगच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये नाव टाइप करा, मजकुराचं पाथमध्ये म्हणजे नुसत्या बाह्यरेषेत रूपांतर करा, सगळी अक्षरं युनियन करून एक आकृती करा. अक्षराची उंची साधारण ७०-८० मिमी ठेवा, पहिल्या पाटीला त्यापेक्षा लहान नको. कुठलीही मान, म्हणजे दोन भाग जोडणारी अरुंद जागा, ४ मिमीच्या खाली जाऊ देऊ नका.

आता अक्षरं तपासा. अनुस्वार सुटा असतो. सावंत, शिंदे, देशपांडे, कांबळे, सगळीकडे तो टिंब खाली पडणार. एकतर टिंब किंचित खाली ओढून शिरोरेषेत रुतवा, किंवा मागे फळी लावणार असाल तर वेगळा कापून चिकटवा. मला रुतवलेला आवडतो, वाचायला काही अडत नाही. मग ध, भ आणि थ. यांच्या डाव्या गाठीवर शिरोरेषा नसते, म्हणून जाधव लिहिलं की जा आणि धव असे दोन तुकडे होतात. गाठीच्या पोटाला शेजारच्या कान्याशी जोडणारा ५ मिमीचा छोटा पूल काढा, किंवा अक्षरं एवढी जवळ आणा की गाठ कान्याला चिकटेल. ग, ण आणि श यांचे डावे भाग फक्त शिरोरेषेला लटकलेले असतात, खाली मोकळे, तिथे हात लागून मोडायची भीती, त्यांची मान जरा जाड करा. रफार एका बिंदूवर टेकलेला असतो, कुलकर्णीतला बघा, त्याचा पाय रुंद करा. उकार-ऊकार अक्षराला नीट भिडलाय ना ते झूम करून बघा, काही फॉन्टमध्ये केसाएवढी फट असते.

प, म, व, ब, य यांच्या पोटात बंद जागा असते, ती आतून कापायची. आणि हे सगळं अक्षर लाकडाचं ठेवून कापतोय म्हणून ठीक आहे. उलटं करायचं ठरवलंत, म्हणजे फळीत अक्षराच्या आकाराची भोकं, तर ही सगळी पोटं खाली पडतील आणि प्रत्येकाला पूल द्यावे लागतील. पहिल्यांदा त्या वाटेला जाऊ नका.

लाकूड अखंड सागवान घेणार असाल तर लाकडाच्या अंगच्या रेषा, म्हणजे त्याचे तंतू, कुठल्या दिशेला ठेवायच्या यावर विचार करा. रेषा आडव्या ठेवल्या की शिरोरेषा मजबूत, पण कान्यामध्ये त्या आडव्या येतात आणि बारीक काना काडीसारखा मोडतो. म्हणून सागवानात काना निदान १० मिमी रुंद हवा. बारीक फॉन्टच हवा असेल तर ९ मिमी मरीन प्लाय घ्या, रंग लावला की कडेचे थर दिसत नाहीत.

प्रिंट काढताना ॲक्च्युअल साइझ १०० टक्के निवडा, आणि डिझाइनमध्ये कोपऱ्यात एक ५० मिमीची रेष टाकून ठेवा, प्रिंट आल्यावर ती पट्टीने मोजा. प्रिंटर गुपचूप ९७ टक्क्यांवर छापतात.

लाकूड कापायच्या आधीच १८० आणि मग २२० नंबर पेपरने घासून घ्या. नंतर नाजूक कामावर घासणं म्हणजे मोडतोड. त्यावर मास्किंग टेपचे पट्टे लावा, टेपवर ग्लू स्टिकने किंवा स्प्रे गमने कागद चिकटवा, काम झालं की टेपसकट सोलून निघतं, लाकडाला गोंद लागत नाही. कागदावर वरून पारदर्शक पॅकिंग टेप लावला तर पातं कमी तापतं आणि सागवान करपत नाही. का होतं यावर वाद आहेत, पण होतं.

भोकं पाडा. प्रत्येक बंद पोटात एक, २ मिमीचा ड्रिल बिट, रेषेच्या जवळ पण रेषेवर नको, शक्यतो एखाद्या कोपऱ्याजवळ. खाली टाकाऊ फळी ठेवून पाडा. मग लाकूड उलटं करून भोकाभोवती मागे वर आलेले तुरे पेपरने साफ करा, हे लोक विसरतात आणि मग लाकूड टेबलावर डुगडुगतं.

क्रम असा: आधी आतली सगळी पोटं, नंतर बाहेरची रेष. बाहेरचं आधी कापलंत तर हातात धरायला काही उरत नाही आणि नाजूक तुकडा थरथरतो. बाहेरच्या रेषेतही आधी खालची गुंतागुंत, म्हणजे उकार, गाठी, कान्यांची टोकं, आणि वरची बाजू सर्वात शेवटी. शिरोरेषेची वरची कड दोन फूट सरळ कापणं हे स्क्रोल सॉवरचं सर्वात बोअर आणि सर्वात फसवं काम. पवार, कदम, राऊत अशी वर मात्रा-वेलांटी-रफार काहीच नसलेली नावं असतील तर एक मस्त पळवाट आहे, कारखान्यातून आलेली प्लायची सरळ कडच शिरोरेषा म्हणून वापरा, कागद त्या कडेला जुळवून चिकटवा आणि तेवढं कापायचंच नाही. पाटी ४०० मिमीपेक्षा लांब असेल तर मागचा खांब आडवा येतो, तेव्हा अर्धं नाव डावीकडून आणि अर्धं उजवीकडून कापा, कुठून वळायचं ते आधी मशीन बंद ठेवून लाकूड फिरवून बघा.

स्पीड मध्यम, हात हळू. पातं कापेल तेवढंच लाकूड पुढे द्यायचं. ५ नंबरचं पातं ९ मिमी प्लायमध्ये आरामात चालतं.

कंदील

चार बाजू एकसारख्या म्हणजे चार वेळा कापायचं नाही. ४ मिमी प्लायचे १५० बाय २५० मिमीचे चार तुकडे एकावर एक ठेवा, मध्ये टाकाऊ भागात डबल टेपचे छोटे तुकडे, आणि चारही कडा मास्किंग टेपने घट्ट गुंडाळा. झाली १६ मिमीची गड्डी, ५ किंवा ७ नंबर पात्याने एकदम चार जाळ्या निघतात. जाड गड्डीत कंट्रोलही जास्त मिळतो. टेबल ९० अंशात नसेल तर मात्र वरची आणि खालची जाळी वेगळी निघेल, मघाची खाचेची परीक्षा इथे परत करा.

जाळीचं डिझाइन कुठून आणायचं? जुन्या वाड्यांच्या महिरपी, गिरगावात खोताच्या वाडीतल्या घरांची लाकडी गॅलरी, आजीच्या रांगोळीची ठिपक्यांची नक्षी. फोटो काढा, पाव भाग नीट रेखाटा, आरशासारखा दोनदा उलटवून पूर्ण करा. सगळ्या लाकडी पट्ट्या किमान ३ ते ४ मिमी.

तुकडा पडणार का हे बघायची सगळ्यात खात्रीची पद्धत साध्या पेंटमध्ये आहे. डिझाइन काळं-पांढरं करा, काळं म्हणजे भोक, पांढरं म्हणजे लाकूड. आता रंगाची बादली घेऊन लाकडावर एकदा क्लिक करा. जिथे जिथे पांढरं तसंच राहिलं, तो भाग बाकीच्याला जोडलेला नाही, तो कापल्यावर हातात येणार. पूल द्या, परत क्लिक करा. कापायच्या भागांवर प्रिंटनंतर लाल पेन्सिलीने तिरक्या रेघा मारून ठेवा, साठ-सत्तर भोकांत कुठलं कापायचं आणि कुठलं ठेवायचं हे अर्ध्या तासाने डोळ्याला कळेनासं होतं.

कापायला मधून सुरुवात करून बाहेर या, आणि मधल्यातही आधी सर्वात बारीक भोकं. मध्यभाग शेवटी ठेवलात तर तोवर आजूबाजूचं सगळं पोकळ झालेलं असतं आणि ते लवतं. पातं ओवणं, ताण देणं, कापणं, ताण सोडणं, काढणं, हे प्रत्येक भोकाला करायचं आहे, कंटाळा येतोच, रेडिओ लावा. दोन-तीन बैठकांत करा. हात दमला की पहिली चूक वळणावर होते. एखादी पट्टी तुटलीच तर तुकडा शोधून लगेच सुपरग्लूने लावा, गड्डीतच असताना लावला तर जागेवर बसतो. गड्डी सोडवताना ओढू नका, हेअर ड्रायरने टेप गरम करा आणि पातळ स्टीलची पट्टी आत सरकवा.

जोडणी साधी ठेवा. कोपऱ्यांना १२ मिमी चौकोनी सागवानी बीडिंग पट्ट्या घ्या, २७० मिमी लांबीच्या, म्हणजे खाली पाय निघतात. जाळ्यांना आतून बटर पेपर किंवा पतंगाचा कागद चिकटवा, मग जाळ्या पट्ट्यांना फेविकॉलने, रबरबँड गुंडाळून रात्रभर. कागद आधी लावायचा, नंतर आत हात जात नाही. वर ६ मिमीची चौकट टाका, झाकण सुटं ठेवा, बल्ब बदलावा लागतो. आत फक्त एलईडी, पणती किंवा जुना पिवळा बल्ब अजिबात नाही, कागद आणि लाकूड आहे.

घासणं, पॉलिश आणि पावसाळा

आतल्या कडांना सुईसारख्या बारीक कानशी आणि २२० पेपरची दुमडलेली पट्टी. ऑर्बिटल सँडर, म्हणजे घासायचं मशीन, जाळीवर नेऊ नका, पट्ट्या तडातड उडतात. चांगल्या पात्याने हळू कापलं असेल तर कडांना फारसं काही करावं लागतही नाही.

कंदिलाला सँडिंग सीलरचा एक हात आणि लॅकरचा स्प्रे पुरतो, ब्रशने जाळीच्या भोकात थेंब साचतात. सागवानी पाटीला पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर, बाहेरच्या वापराचा लिहिलेला, तीन पातळ हात, मध्ये ३२० पेपर. प्लायच्या पाटीत कडा आधी आणि दोनदा भरा, पाणी कडेतूनच शिरतं. बाहेरच्या जोडणीला फेविकॉल मरीन, घरातल्याला एसएच. अळशीचं तेल लावायचं असेल तर छान दिसतं, पण तेलाची चिंधी बोळा करून कचऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेते, मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

जुलै-ऑगस्टमध्ये, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, लॅकर शक्यतो मारू नका. हवेतल्या दमटपणाने त्यावर पांढरट धूर बसल्यासारखा थर येतो. पावसाळ्यात कापून ठेवा, उघडीप मिळाली की दुपारी पॉलिश करा. म्हणजे दिवाळीचा कंदील श्रावणात कापायला घेतला तर वेळ अगदी बरोबर जमतो. प्लायचे तुकडे भिंतीला तिरके टेकवून ठेवलेत तर वाकतात, सपाट ठेवा आणि वर वजन ठेवा.

पाटी लावताना भिंतीला सपाट चिकटवू नका, मागे पाणी अडतं. मागून १० मिमीचे स्पेसर, म्हणजे भिंतीपासून अंतर ठेवणारे तुकडे, लावून उभी करा, अक्षरांची सावली भिंतीवर पडते आणि तीच पाटी दुप्पट भारी दिसते. भोकं शिरोरेषेत पाडा, काना किंवा गाठीत नाही, आणि स्क्रू स्टेनलेसचे घ्या, साध्या स्क्रूचा गंज सागवानाला काळे डाग पाडतो.

उरलेले सागवानाचे तुकडे टाकू नका, दोन इंचाच्या तुकड्यात कीचेन होतं. आणि तीच नावं परत लागतात, तेव्हा डिझाइनच्या फाइलला पातं नंबर, लाकूड आणि जाडी लिहून सेव्ह करा, शेजारणीने बघितलं की पुढची ऑर्डर येतेच.